चिठ्ठ्या न वाचण्याचा नियम

"टीचर, मारियामाय चिठ्ठी वाचल्यावर किती दिवसांत काम करते?"

चौथीतली पूनम माझ्या टेबलाशी उभी होती. मधली सुट्टी संपत आली होती. माझ्यासमोर लॅपटॉप होता आणि त्यावर यू-डायसची माहिती भरायची राहिली होती. यू-डायस म्हणजे शाळेची कुंडली. किती मुलं, किती खोल्या, किती नळ, हे सगळं दरवर्षी सरकारला ऑनलाइन कळवावं लागतं. नेट सारखं जात होतं आणि मी वैतागले होते.

"तिच्याकडे खूप चिठ्ठ्या येतात गं. वेळ लागतो," मी म्हणाले.

"किती येळ?"

"ते राहू दे. सतराचा पाढा झाला का पाठ?"

तिनं सतराचा पाढा न अडखळता म्हटला आणि वर्गात गेली. मी परत लॅपटॉपकडे वळले. दिवाळीच्या सुट्टीनंतरची ही गोष्ट. त्या दिवशी एवढंच झालं.

मी इंगळे टीचर. आमच्या शाळेत बाई किंवा मॅडम म्हणत नाहीत, टीचर म्हणतात. चिखलीहून जानेफळकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात सिस्टर लोकांची पहिली ते चौथीची मराठी शाळा आहे. तिथे मी तीस वर्षांहून जास्त शिकवलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी स्वतः बौद्ध. आमच्या घरी वंदना होते, मागणं नसतं. तरी शाळेतली सकाळची प्रार्थना मी इतकी वर्षं घेतली की ती मला झोपेतही म्हणता येईल. गावात कॅथलिक घरं चारच. बाकी मुलं हिंदू, बौद्ध, थोडी मुसलमान. नाताळला सगळ्यांच्या घरून करंज्या येत आणि आठ सप्टेंबरला, येशूच्या आईच्या, म्हणजे मारियेच्या वाढदिवसाला, सगळ्यांच्याच परसातला झेंडू साफ होई. कुणाचं काही अडत नव्हतं.

शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली मारियेचा पुतळा आहे. त्याच्या पायाशी एक निळी लोखंडी पेटी. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलं रांगेनं येऊन तिच्यात आपापली चिठ्ठी टाकत. चिठ्ठीत मारियेला काय सांगायचं ते लिहायचं. महिनाअखेरीस आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर फिलोमिना पेटी उघडायच्या, चिठ्ठ्या कापडी पिशवीत भरून चॅपेलमध्ये वेदीपाशी ठेवायच्या आणि नंतर कपाटात बंद करायच्या. राखेच्या बुधवारी, म्हणजे त्यांचे उपासाचे दिवस सुरू होतात त्या दिवशी, मागच्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या जाळून राख करतात आणि कपाळाला लावतात. आमच्याकडे त्या झावळ्यांबरोबर चिठ्ठ्याही जाळायची पद्धत होती.

चिठ्ठ्या कुणी वाचायच्या नाहीत, हा नियम माझा.

त्याचं कारण सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या एका नव्या टीचरनं दुसरीतल्या मुलीची चिठ्ठी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचली होती. "मारियामाय, बाबाची बाटली फुटू दे." आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. ती गोष्ट संध्याकाळपर्यंत स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर पोचली आणि तिथून त्या बाबापर्यंत. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत आली ती सुजलेला कान घेऊन. आठवड्याभरात तिचं नाव शाळेतून काढलं गेलं.

तेव्हा मी संतापून सिस्टरांना म्हणाले, "एक तर पेटी काढा, नाहीतर कुलूप लावा." सिस्टरांनी कुलूप लावलं. मी नियम लिहून काढला. चिठ्ठीवर नाव नको, चिठ्ठी चार घड्या घालून टाकायची, कुणीही वाचायची नाही. पालकसभेत तो वाचून दाखवला. एक पालक दरवेळी विचारायचे, पोरांकडून तुम्ही काय लिहून घेता, धर्म बदलवता का. ते या नियमानं गप्प झाले. पुढे नव्या टीचर आल्या की मी त्यांना पहिल्याच दिवशी हा नियम सांगायचे. मला त्याचा अभिमान होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

शाळेत आणखी एक पेटी होती. लाल. ती सरकारी तक्रारपेटी. प्रत्येक शाळेत ती लावावीच लागते आणि ठरावीक दिवसांनी समितीसमोर उघडून रजिस्टरला नोंद करावी लागते. तक्रार नसेल तर "निरंक" असं लिहायचं. निरंक म्हणजे काही नाही. आमच्या रजिस्टरला पहिल्या पानापासून निरंकच होतं.

डिसेंबरात केंद्रप्रमुख आले. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. रजिस्टर चाळून ते बाहेर आले आणि कडुनिंबाखाली थांबले.

"इंगळे मॅडम, ती लाल पेटी निरंक, अन् ही निळी तं भरून वाहून राह्यली. काय लिव्हतात पोट्टे यात?"

"प्रार्थना, सर."

"वाचता का तुम्ही?"

"नाही. तसा नियम आहे."

"कोनाचा?"

"माझाच."

"बेस हाय. धर्माच्या भानगडीत आपण पडूच नये," असं म्हणून त्यांनी भेटीच्या रजिस्टरवर सही केली आणि खिचडी चाखायला स्वयंपाकघराकडे गेले.

खिचडी रेखाबाई करायच्या. रेखाबाई पूनमची आई. सरकारी पोषण आहार शाळेतच शिजतो आणि त्यासाठी गावातलीच बाई नेमतात. रेखाबाईंचा हात चांगला होता. तांदूळ कसाही येवो, त्यांची खिचडी मोकळी व्हायची. बोलणं कमी. सकाळी आल्या की आधी मारियेपाशी दोन अगरबत्त्या लावायच्या, मग चूल. नवरा गजानन चिखली-मेहकर रस्त्यावर काळीपिवळी चालवायचा. घर हिंदू, पण रेखाबाईंना पुतळ्यांमध्ये डावं-उजवं करता येत नव्हतं. समोर आला त्याला नमस्कार.

त्या वर्षी जानेवारीत मी स्वयंपाकघरात गेले तर आत धूर कोंडलेला. चुलीचा नव्हे, अगरबत्तीचा. खिडकीत तीन-चार अगरबत्त्या एकदम खोचलेल्या होत्या. पुडा पुतळ्यापासचाच होता.

"रेखाबाई, हे काय? अन्नाला वास लागतो ना. मुलं जेवतात."

"हो टीचर."

"भक्ती बाहेर झाडाखाली करा. स्वयंपाकघरात नको. विझवा ती."

त्यांनी एक एक अगरबत्ती चिमटीत धरून विझवली. डाव्या हातानं. खांद्यावर दुहेरी टॉवेल होता आणि पदर घट्ट खोचलेला. दुसऱ्या दिवसापासून मदतनीस बाई पातेलं उतरवू लागल्या आणि रेखाबाई लांब बसून तांदूळ निवडू लागल्या. मला वाटलं, बाई रुसल्या. रुसू देत, म्हटलं. स्वच्छतेचे गुण जातात ते माझ्या शाळेचे.

राखेच्या बुधवारी सिस्टरांनी पत्र्याच्या घमेल्यात झावळ्या आणि वर्षभराच्या चिठ्ठ्या जाळल्या. ज्याला हवी त्याच्या कपाळाला राख लावली. सक्ती नसायची, तरी दरवर्षी अर्धी शाळा रांगेत असे. मी सवयीनं उभी राहायचे. माझ्यापुढे रेखाबाई होत्या आणि त्यांच्यापुढे पूनम. सिस्टर प्रत्येकाला म्हणत होत्या, "तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील." रेखाबाईंनी राख लावून घेतली, हात जोडले आणि पुढे सरकल्या.

मार्चअखेर शाळा सकाळची झाली. आमच्याकडे ऊन चढलं की शाळा सकाळची होते. दहाच्या सुमारास स्वयंपाकघरातून मदतनीस बाईंची हाक आली. मी धावले. रेखाबाई तांदळाच्या पोत्याला टेकून बसल्यासारख्या पडल्या होत्या. डोळे उघडे होते, पण बोलता येत नव्हतं. अंगात ताप फणफणत होता.

आवाराच्या दुसऱ्या टोकाला सिस्टरांचा छोटा दवाखाना आहे. तिथे सिस्टर लुसी बसतात. त्या नर्स. शाळेच्या स्वयंपाकघरापासून दवाखाना फार तर चाळीस पावलं. सिस्टर लुसी आल्या, त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि आम्हा सगळ्यांना बाहेर घालवलं. नंतर त्या बाहेर आल्या आणि नळाखाली हात धूत राहिल्या.

"टीचर, गाडी बोलवा," त्या म्हणाल्या. "छातीत गाठ आहे. गाठ कसली, जखम आहे. फुटलेली. चिंध्या बांधून ठेवल्या होत्या."

"कधीपासून?"

"मला काय विचारता? रोज तुमच्यात होत्या."

गजानन सवाऱ्या सोडून तशीच गाडी घेऊन आला. त्याला काही माहीत नव्हतं. खरंच नव्हतं, की माहीत करून घेतलं नव्हतं, ते मी आजही सांगू शकत नाही. आम्ही चिखलीला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि बुलढाण्याला न्या, तिथून अकोल्याला पाठवतील, असं लिहून दिलं. गजानन चहा आणायला गेला तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं.

"तुम्ही कोण यांच्या?"

"शाळेतली टीचर. ह्या आमच्याकडे स्वयंपाक करतात."

"म्हणजे रोज भेटता?"

"हो."

"शाळा सुरू झाली तेव्हा आणलं असतं ना, तर ऑपरेशन झालं असतं. आता काय उरलंय करायला? एवढी उघडी जखम. तुम्हाला कुणालाच वास नाही आला?"

नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला खिडकीतल्या अगरबत्त्या आठवल्या. डॉक्टरबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांच्या दाराबाहेर गर्दी होती.

गजानन आणि त्याची बहीण पुढे बुलढाण्याला गेले. मी एसटीनं शाळेत परत आले. दुपार झाली होती, मुलं घरी गेली होती. पूनम व्हरांड्यात सिस्टर फिलोमिनांजवळ बसून होती. मला पाहून ती उठली. तिच्या चेहऱ्यावर भीती असेल असं मला वाटलं होतं. ती हसत होती.

"टीचर, झालं ना काम? मारियामायनं सांगतलं ना सिस्टर लुसीले?"

"काय सांगितलं?"

"आईच्या गाठीचं. मी तं शाळा उघडली तवापासून दर शुक्रवारी लिवून राह्यली. तुमी म्हणे येळ लागते."

सिस्टर फिलोमिनांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले.

"तू मला का नाही सांगितलंस गं?" मी विचारलं. असले प्रश्न आपण मोठी माणसंच विचारतो.

"आईनं शपथ घातली होती. कोनाले सांगू नोको म्हणे. रोगी बाईच्या हातची खिचडी कोण खाईन, मले काढून टाकतीन म्हणे. देवाले सांगतलं तं चालते का, असं मी इचारलं. तं ते म्हणे, हाव, देवाले सांग."

शेजारच्या काकूंकडे पूनमला पोचवून आल्यावर मी सिस्टरांना म्हणाले, "किल्ली द्या."

सिस्टर केरळच्या. मराठी पुस्तकातली बोलतात. त्या म्हणाल्या, "टीचर, मुलांना आपण वचन दिलेले आहे. ते देवाचे टपाल आहे."

"सिस्टर, देवाचं टपाल आपल्या कपाटात पडून होतं."

मग कमरेचा जुडगा सोडून त्यातली किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि स्वतःही माझ्यामागून आल्या. पेटी आणि कपाटातली पिशवी आम्ही ऑफिसात आणून टेबलावर रिकाम्या केल्या. राखेच्या बुधवारानंतरच्या पाच शुक्रवारांच्या चिठ्ठ्या होत्या. त्याआधीच्या कुठे गेल्या ते आम्हा दोघींना माहीत होतं.

पूनमचं अक्षर मीच वळवलेलं. तिचा "म" अजून पहिलीतल्यासारखा गाठीचा होता. नाव नसलं तरी पाचही चिठ्ठ्या लगेच सापडल्या. मी त्या घडीवरच्या धुळीच्या अंदाजानं जुन्या-नव्या लावल्या आणि वाचल्या.

"मारियामाय, आईची गाठ पुन्हा फुटली. पाणी येते. तू लवकर ये."

"मारियामाय, आईचा हात वर जात नाई. माह्या वेण्या आता काकू घालते. घट्ट घालते."

"मारियामाय, आई म्हणते वास येते, माह्यापाशी झोपू नोको. मले नाई येत वास."

"मारियामाय, टीचर म्हणे तुले येळ लागते. किती येळ लागते ते मले एकडाव सांग."

पाचवी सगळ्यात छोटी होती. "मारियामाय, तू सिस्टर लुसीले सांग. मी सांगतलं तं शपथ मोडते."

सिस्टरांनी ती चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा वाचली. मग त्या खुर्चीत बसून रडल्या. मोठ्यानं, लहान मुलासारखं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "मी वाचत नाही तर देव वाचेल, असे मला वाटायचे," एवढंच त्या म्हणाल्या. मला रडू आलं नाही. मला स्वतःचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

बाकीच्या चिठ्ठ्याही आम्ही त्याच दिवशी वाचल्या. बॅट दे, सायकल दे, स्कॉलरशिपचा पेपर सोपा काढ. एका पहिलीतल्या मुलानं नुसतं गाढवाचं चित्र काढलं होतं. तिसरीतल्या एकीनं लिहिलं होतं की मला फळ्यावरचं दिसत नाही पण चष्मा लागला तर पोरं चिडवतील. तिला आठवड्यात चष्मा मिळाला. लोक मला सांगतात, बघा टीचर, तेवढं तरी झालं. मी मान हलवते.

रेखाबाई अकोल्याला तीन आठवडे होत्या. मी दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी त्या शुद्धीवर होत्या. मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "टीचर, आगरबत्तीचं मनावर घेऊ नोका. तुमचं बरोबर व्हतं. लेकरं जेवतात तिथं." मग विचारलं, "खिचडी कोण करून राह्यलं आता? पाणी अंदाजानं टाका म्हणा, यंदाचा तांदूळ जुना हाय." मी हो म्हटलं. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. पुढे त्यांना घरी आणलं आणि मेच्या सुट्टीत त्या वारल्या. सिस्टरांनी चॅपेलमध्ये प्रार्थना ठेवली, पण पूनमला कुणी आणलं नाही आणि आम्हीही बोलावलं नाही.

आमच्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पहिल्याच आठवड्यात पूनम तिच्या मामाबरोबर दाखला न्यायला आली. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मामा तिला नांदुऱ्याला नेणार होता. तिचे केस पोरासारखे कापले होते. वेण्या घालायला आता कुणी नाही, असं मामा सहज बोलून गेला. मी दाखला लिहिला, सिस्टरांची सही घेतली, शिक्का मारला. मामा बाहेर मोटरसायकल वळवायला गेला. पूनम टेबलाशीच उभी राहिली. दिवाळीनंतर उभी होती तिथेच.

"टीचर, माह्या चिठ्ठ्या द्या."

मी ड्रॉवर उघडून पाकीट काढलं. त्या पाच चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या होत्या. तिनं मोजल्या.

"बाकीच्या?"

"जाळल्या गं. राखेच्या बुधवारी. दरवर्षी जाळतो ना."

"वाचून जाळल्या?"

खोटं बोलावं असं फार मनात आलं. "नाही," मी म्हणाले.

तिनं थोडा विचार केला. चिडलेली नव्हती. गणित सोडवताना ती जशी वर पाहायची तशी तिनं वर पाहिलं.

"मंग मारियामायनं बी नसतीन वाचल्या. पेटीले कुलूप होतं. किल्ली तं सिस्टरपाशी होती."

देव न वाचताही जाणतो, असं सिस्टर म्हणाल्या असत्या. त्या आतल्या खोलीत होत्या, त्यांनी हे ऐकलं होतं, पण त्या बाहेर आल्या नाहीत. बाहेर मामानं हॉर्न वाजवला. पूनमनं पाकीट दप्तरात घातलं, "येते टीचर" म्हटलं आणि गेली. तिनं मला दोन शब्द वाकडे ऐकवले असते तर बरं झालं असतं.

जुलैत आम्ही नियम बदलला. त्यावरून माझी आणि सिस्टरांची खडाजंगी झाली. सिस्टरांचं म्हणणं, चिठ्ठ्या आपण वाचूया, पण मुलांना सांगायला नको.

"म्हणजे फसवायचं?" मी म्हणाले.

"फसवल्याने एक मूल वाचत असेल तर मी पापकबुलीत सांगेन, टीचर. ते माझे मी पाहीन."

"नाही सिस्टर. एकदा शब्द मोडला तो मोडला. पुन्हा लपवून नको."

मी हट्ट धरला. तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईच्या हट्टापुढे सिस्टरांनी हात टेकले. सोमवारच्या परिपाठात मी मुलांना सांगितलं, "यापुढे तुमच्या चिठ्ठ्या मारियामायसोबत आम्हीपण वाचणार. काही त्रास असेल तर बिनधास्त लिहा. कुणाला सांगणार नाही."

पहिल्या शुक्रवारी पेटीत निघालं ते असं: "मला चांगले मार्क पडू दे." "माझी शाळा छान आहे." "इंगळे टीचर खूप चांगल्या आहेत." शेवटचं एकवीस मुलांनी लिहिलं होतं. पोळ्यापर्यंत चिठ्ठ्या निम्म्यावर आल्या. दिवाळीनंतर रांगही लागेना. मी चौथीच्या वर्गात विचारलं, का रे, लिहीत का नाही? एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, तुमाले सांगाचं असतं तं तुमालेच नसतं का सांगतलं?"

सिस्टर बरोबर होत्या की मी, ते मला ठरवता आलेलं नाही. सिस्टरांनी मला त्यावरून एक शब्दही कधी ऐकवला नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातच केंद्रप्रमुख पुन्हा आले. मधली हकिगत त्यांच्या कानावर गेली होती. निळ्या पेटीचंही वेगळं रजिस्टर ठेवा, असं त्यांनी सुचवलं. मी ते आधीच ठेवलेलं दाखवलं. त्यांनी पानं उलटली. दिवाळीपर्यंत नोंदी होत्या, पुढे नव्हत्या.

"आता दोनी पेट्या निरंक," ते खूश होऊन म्हणाले. "म्हणजे शाळा बेस चालू हाय."

त्यांनी सही केली. त्यांच्या सहीखाली मी केली.

मला निवृत्त होऊन वर्ष झालं. माझ्या जागी आलेल्या टीचर तरुण आहेत, मन लावून काम करतात. मध्ये त्यांचा फोन आला. पेटीचं काय करू, ठेवू की काढू, असं विचारत होत्या. मी म्हणाले, पेटीचं मला काही कळलेलं नाही, ते सिस्टरांना विचारा. मी एवढंच सांगू शकते की रोज एकदा स्वयंपाकघरात जात जा. तिथे कुणी अगरबत्ती लावलेली दिसली, तर का लावली ते आधी विचारा. मी नुसती विझवायला सांगितली होती.